मार्गशीर्षातील पाऊल

आजचा धागा एका पावलाविषयी आहे, आणि ते पाऊल माणसाचे नाही.

नांदेड जिल्ह्यात मार्गशीर्ष हा देवांच्या कुत्र्यांचा महिना म्हणावा लागेल. शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाचा उत्सव; त्या खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावत असतो. पौर्णिमेला माहूरच्या गडावर दत्तजयंती; दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान बसलेले. आणि वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातील माळेगावात खंडोबाची देवस्वारी निघते व नांदेड-लातूर रस्त्यावरच्या त्या लहानशा गावात दक्षिणेतली एक मोठी पशुयात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लालकंधारी वळू, देवणी बैल यांच्या गर्दीत जिल्हा परिषदेचे ‘अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन’ही असते. सडपातळ, लांब नाकाचे, बरगड्या मोजता याव्यात असे कारवान कुत्रे तेथे मालकांबरोबर रांगेत उभे राहतात. डिसेंबरअखेरचे दिवस असतात. मराठवाड्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरलेला असतो आणि काळ्या रानावर दव पडलेले असते.

गेल्या आठवड्यात लातूरच्या एका तरुण वाचकाने विचारले : “घरी कारवान आहे. थंडी वाढली आहे. त्याच्यासाठी चार बुटांचा संच मागवावा का? पूर्वीचे लोक काय करीत?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर पशुवैद्याने द्यावे. दुसरा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे आणि वाटतो तितका क्षुल्लक नाही. माणूस आणि कुत्रा हजारो वर्षे एकाच वाटेने चालत आले आहेत. त्या वाटेवर कुत्र्याचा तळवा फाटला की शिकार थांबे, कळप उघडा पडे आणि बर्फाच्या मुलखात तर माणसाचाच जीव धोक्यात येई. म्हणून या धाग्यात एकाच प्रश्नाचा पाठलाग करू : हिवाळ्यात कुत्र्याचा पाय थंडीने जातो, की जमिनीने?

या प्रश्नाची जुनी लेखी नोंद ग्रीसमध्ये सापडते. झेनोफन हा सॉक्रेटिसचा शिष्य. सैनिक, इतिहासकार आणि शिकारीचा कमालीचा शौकीन. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्याच्या नावावर असलेल्या शिकारविषयक ग्रंथात सशाच्या शिकारीचे बारकाईने वर्णन आहे. त्यात तो स्पष्ट सांगतो की, जमिनीवर बर्फ साचलेला असताना सशाचा माग काढायला कुत्रे नेऊ नयेत. बर्फ त्यांची नाके आणि पाय भाजून काढतो. ‘भाजून काढतो’ हा शब्दप्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ज्याने गोठलेल्या लोखंडाला हात लावला आहे त्यालाच तो सुचेल. त्याच ग्रंथात दुसरीकडे कुत्र्यांचे दोष सांगताना तो म्हणतो की, ज्याचे पाय वाईट तो कितीही धीट असला तरी श्रमाला टिकत नाही. पायाच्या वेदनेने तो हार मानतो. कुत्र्याच्या शौर्याला त्याच्या तळव्याची मर्यादा असते, ही गोष्ट एका शिकाऱ्याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली.

आपल्याकडच्या ग्रंथांनीही कुत्र्याचा पाय न्याहाळला आहे, पण दृष्टी निराळी. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त श्वानलक्षणांचे एक अगदी छोटे प्रकरण आहे. उत्तम कुत्रा कोणता? ज्याच्या तीन पायांना पाच-पाच नखे आणि पुढच्या उजव्या पायाला सहा नखे आहेत, ज्याची चाल सिंहासारखी आहे, जो जमीन हुंगत चालतो, असा कुत्रा पाळणाऱ्याच्या घरी लक्ष्मी येते. कुत्रीच्या बाबतीत सहा नखांचा पाय डावा. म्हणजे वराहमिहिर नखे मोजतो ती मालकाचे भाग्य जाणण्यासाठी. कुत्र्याला काय दुखते, हा त्याचा विषयच नाही. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ज्ञानकोश रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातले. त्या ग्रंथात राजाच्या करमणुकींत ‘सारमेयविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. सारमेय म्हणजे सरमेचा वंशज, कुत्रा. राजदरबारी कुत्रा हा विनोदाचा, शिकारीच्या रंजनाचा विषय होता.

दरबारी ग्रंथांत कुत्र्याचा पाय भाग्याचे चिन्ह म्हणून येतो. त्याचे जखमी होणे दगडावर मात्र कोरले गेले आहे, आणि त्या दगडाचा धागा थेट लातूरला येऊन मिळतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांचे एक महत्त्वाचे ठाणे कंधार, म्हणजे माळेगावच्या शेजारचेच. या वंशातील तिसऱ्या कृष्णाच्या काळात, इ. स. ९४९च्या सुमारास, तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. कृष्णाच्या बाजूने लढणाऱ्या गंग राजा बुतुग याने आपल्या मनलेर नावाच्या वीराला ‘हवे ते माग’ म्हटले. मनलेराने गाव मागितला नाही, सोने मागितले नाही. त्याने राजाची ‘काळी’ नावाची कुत्री मागितली. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघेही मेले. कर्नाटकातल्या मंड्य जिल्ह्यातील आतकूर येथे तिचा स्मारकशिला उभारला गेला, त्याच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली गेली आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल अशी ताकीदही कोरली गेली. तो शिलालेख आज बंगळुरूच्या शासकीय संग्रहालयात आहे. कुत्रा आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले त्यावर दिसतात. मला हा लेख नेहमी विलक्षण वाटतो : ज्या वर्षी दक्षिणेचे राजकारण उलटेपालटे झाले, त्या वर्षाच्या लेखात एका कुत्रीचे नाव राजांच्या नावांशेजारी टिकून राहिले.

आता काही काळ मराठवाडा सोडून उत्तर ध्रुवाकडे जाऊ. कुत्र्याचा बूट तिथला आहे, आणि तो का जन्मला हे कळल्याशिवाय आपल्याकडे तो का जन्मला नाही हे कळणार नाही.

आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोक शेकडो वर्षे कुत्र्यांच्या स्लेज गाड्यांनी प्रवास करीत आले. त्यांनी सीलच्या कातड्याचे छोटे बूट आपल्या कुत्र्यांसाठी शिवले. काहींना नखे बाहेर येण्यासाठी छिद्रेही ठेवलेली असत. पण हे बूट कुत्र्यांच्या पायांत सगळ्यात अधिक कधी चढत? आपल्याला वाटेल, ऐन कडाक्यात. प्रत्यक्षात त्यांची खरी गरज वसंतात पडे. दिवसा ऊन लागून बर्फाचा वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि त्याची काचेसारखी धारदार कवची तयार होते. ती कवची तळवे कापते. म्हणजे ज्यांनी कुत्र्याला बूट घातले, त्यांनी तो थंडीसाठी नव्हे, प्रामुख्याने जमिनीसाठी घातला.

दुसरे कारण घामाचे. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, मात्र तळव्यांत घर्मग्रंथी असतात. धावून तळवा ओलसर झाला की मऊ बर्फ बोटांमधल्या केसांना चिकटतो, त्याच्या गोळ्या होतात आणि त्या खड्यासारख्या रुततात. बुटात कापड आडवे आल्याने हे टळते. अलास्कात १९७३पासून अँकरेज ते नोम अशी सुमारे १,६०० किलोमीटरची ‘इडिटारोड’ ही स्लेजशर्यत होते. तिच्या नियमांत प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट जवळ असणे बंधनकारक आहे. चार पायांना आठ बूट, कारण ते झिजतात, हरवतात, ओले होतात. आणि जाणता गाडीवान थांब्यावर ते काढून टाकतो. बूट घट्ट बांधलेला राहिला तर रक्ताचा प्रवाह अडतो आणि ज्या पायाचे रक्षण करायचे तोच गोठतो.

थंडी मग कुठे मारते? याचे उत्तर १९२५च्या एका प्रसिद्ध प्रवासात आहे. त्या जानेवारीत अलास्कातील नोम गावी घटसर्पाची साथ आली. औषधाच्या कुप्या नेनाना येथून नोमपर्यंत सुमारे १,०८५ किलोमीटर न्यायच्या होत्या. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी साखळी करून साडेपाच दिवसांत त्या पोहोचवल्या. यातल्या बाल्टो आणि टोगो या कुत्र्यांची नावे जगाला ठाऊक आहेत. फारशी सांगितली न जाणारी गोष्ट चार्ली इव्हान्स या गाडीवानाची आहे. त्याच्या जोडीचे पुढचे दोन कुत्रे आखूड केसांचे, संकरित होते. अशा कुत्र्यांच्या जांघेवर, जिथे केस विरळ असतात तिथे, सशाचे कातडे बांधण्याची रीत होती. घाईत तो ते विसरला. वाटेत दोन्ही कुत्रे हिमदंशाने कोसळले आणि इव्हान्सने स्वतःला गाडीला जुंपून घेतले. लक्षात घ्या : त्या भयंकर थंडीत आधी हरले ते पाय नव्हेत, पोटाखालची उघडी कातडी.

असे का होते, हे विज्ञानाला बऱ्याच उशिरा उलगडले. १९७२मध्ये अमेरिकी संशोधकांनी लांडगा आणि ध्रुवीय कोल्हा यांचे पाय उणे पस्तीस अंशांच्या थंड द्रवात ठेवून पाहिले. तळव्याचे तापमान गोठणबिंदूच्या काठापर्यंत, उणे एक अंशाच्या जवळ उतरले आणि तिथे स्थिरावले. पाय गोठला नाही. पाळीव कुत्र्यात हे कसे घडते, ते २०११मध्ये जपानी संशोधक हिरोयोशी निनोमिया यांच्या अभ्यासाने दाखवले. कुत्र्याच्या तळव्यात गरम रक्त आणणाऱ्या धमनीला बारीक शिरांचे जाळे लगटून असते. पायात थंड झालेले रक्त शरीरात परतण्यापूर्वी त्या धमनीच्या उबेने तापते. पाय थंड राहतो, पण काळीज थंड होत नाही. पहाटे बंबातून निघालेल्या गरम पाण्याच्या नळाशेजारून थंड पाण्याचा नळ नेला तर थंड पाणी आयतेच कोमट होईल, तसाच हा प्रकार. त्यात तळव्याची जाड कातडी आणि तिच्याखालची चरबीची गादी यांची भर पडते.

मग झेनोफन चुकला का? पूर्ण नाही. तो गरम हवेतल्या, पातळ कातडीच्या शिकारी कुत्र्यांना अचानक बर्फावर नेण्याविषयी बोलत होता आणि तसे नेणे आजही धोक्याचेच आहे. पण त्याने बर्फाच्या दोन गोष्टी एकत्र केल्या : त्याची थंडी आणि त्याचा खरखरीतपणा. इन्युइटांनी त्या वेगळ्या ओळखल्या.

आता आपल्या रानात परत येऊ. मराठवाड्यात बर्फ पडत नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी गारपीट झाली, तेव्हा लातूर-नांदेडची कित्येक शिवारे काही तासांसाठी पांढरी झाली होती. आमच्या पिढीने पाहिलेला ‘बर्फ’ तेवढाच. पण हिवाळ्यातली इथली जमीन कुत्र्याच्या तळव्याला काही मऊ गालिचा नसते. पावसाळ्यात उगवलेल्या गवताला दिवाळीनंतर कुसळे येतात. बाणासारख्या टोकाचे हे कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरते आणि त्यावरचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. चालताना ते आत आत जाते. माणसाच्या धोतराला चिकटलेले कुसळ निदान दिसते तरी. सराटे वाळून टणक होतात. सोयाबीन आणि उडीद निघून गेलेल्या रानात तिरप्या कापाची धसकटे उभी असतात. पुढे तूर कापली की तिचे खुंट, आणि माघ-फाल्गुनात ज्वारी निघाली की तिची धसकटे. बांधावर बाभळीचा काटा बारमाही आहेच. इन्युइटांच्या धारदार कवचीला आमच्या मुलखात धसकट हे उत्तर आहे.

बर्फाच्या गोळ्यांनाही आमच्याकडे जुळे भावंड आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते, आणि वाळली की दगडासारखी आवळते. रब्बीच्या हरभऱ्याला, गव्हाला पाणी देताना शेतकऱ्याबरोबर त्याचा कुत्राही सरीतून फिरतो. त्याच्या बोटांमध्ये गाळ भरतो, बाहेर येऊन वाळतो, आणि मग तो वाळका गोळा प्रत्येक पावलाला बोटे फाकवीत राहतो. अलास्कातला गाडीवान बर्फाची गोळी बोटाने फोडतो, इथला शेतकरी मातीची. हावभाव एकच.

इलाज घरगुती होते आणि आजही आहेत : संध्याकाळी कुत्र्याला पायाशी घेऊन चारही पंजे उलगडून पाहणे, कोमट पाण्याने माती काढणे, सुईने किंवा चिमट्याने काटा काढणे, हळद आणि तेल लावणे, चुलीजवळच्या राखेत किंवा गोणपाटावर त्याला बसू देणे. यातली पाहण्याची क्रिया सर्वांत मोलाची. युरोपात चौदाव्या शतकाच्या अखेरीस गास्तों फेबूस या सरदाराने शिकारीवर लिहिलेल्या ग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितात नेमके हेच चित्र आहे : माणसे कुत्र्यांचे पंजे हातात धरून तपासताहेत, धुताहेत. आपल्याकडे त्याचे हस्तलिखित झाले नाही. जे कुत्र्याबरोबर अनवाणी चालत, त्या धनगरांनी आणि सालगड्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, आणि ज्यांनी लिहिले ते नखे मोजत बसले. माझ्या मते आपल्या श्वान-इतिहासातली मोठी उणीव ती हीच.

येथे एक रास्त शंका निघेल. आपण बैलाच्या पायाला पत्री मारतो, घोड्याला नाल ठोकतो. मग कुत्र्यालाच उघडे का ठेवले? बैलाचा खूर आणि घोड्याची टाप हे नखाचे भाग आहेत. बाहेरच्या थरात वेदना नाही, म्हणून खिळा ठोकता येतो. तरीही मऊ काळ्या रानात राबणाऱ्या बैलाला पत्रीची फारशी गरज नसे. खडीच्या, पुढे डांबराच्या रस्त्यावर गाडी ओढायची वेळ आली की ती अपरिहार्य होई. ऊस वाहणाऱ्या बैलांच्या पायांत ती आजही दिसते. म्हणजे इथेही संरक्षण ठरवले ते ऋतूने नाही, रस्त्याने. कुत्र्याचा तळवा मात्र जिवंत मांस आहे. त्याला खिळा चालत नाही, आणि चामड्याच्या पिशवीत कोंडला तर जमिनीची जाण हरवते, वळताना बोटांची पकड जाते.

राजेरजवाड्यांनी यावर आपला असा उपाय शोधला होता : कुत्र्याचा पाय जमिनीला लागूच द्यायचा नाही. सर टॉमस रो याच्या वकिलातीबरोबर आलेले विलायती मॅस्टिफ कुत्रे जहांगीर बादशहाला इतके आवडले की, त्याने त्यांच्या दिमतीला माणसे दिली आणि त्यांना पालखीतून फिरवले, असे त्या वकिलातीतला पाद्री एडवर्ड टेरी लिहितो. आपल्या साताऱ्यातही हे घडले. शिकारीत वाघापासून छत्रपती शाहू महाराजांचा जीव वाचवणारा खंड्या कुत्रा त्यांचा इतका लाडका झाला की त्यालाही पालखीचा मान मिळाल्याचे सांगतात. त्याची समाधी संगम माहुलीला आजही आहे. खंड्याच्या तळव्यांना काटा लागण्याचा प्रश्न मिटला खरा. पण धावण्यासाठी जन्मलेल्या जिवाला तो मान कितपत रुचला असेल, हे बखरी सांगत नाहीत.

आमच्या वाचकाच्या घरचा कारवान हा त्या अर्थाने पालखीतला कुत्रा नव्हे. व्यापारी तांड्यांबरोबर तो दख्खनेत आला, अशी समजूत त्याच्या नावातच आहे. त्याच्या रेशमी केसांच्या प्रकाराला पाशमी म्हणतात. कर्नाटकातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच घराण्यातील कुत्र्यांना आश्रय दिला. मालोजीराव घोरपड्यांनी एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने देशी श्वानांची चार तिकिटे काढली, त्यांतले एक मुधोळचे. २०१६मध्ये हे कुत्रे प्रशिक्षणासाठी लष्कराच्या मेरठच्या केंद्रात दाखल झाले. इकडे लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव या कुत्र्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. पण ज्या कामासाठी त्याचे शरीर घडले, ती सशाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केली, आणि ते योग्यच झाले. या पठारावर ती शिकार किती जुनी होती? तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन धावणारा ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो, आणि स्वामी त्याला पारध्यांच्या हाती देत नाहीत. आपण ती लीळा सशाच्या बाजूने वाचतो. त्या प्रसंगात रिकाम्या तोंडाने परत फिरलेले कुत्रेही होते.

त्या धावण्याचा देह या कुत्र्याजवळ अजून आहे : लांबट बोटांचा पंजा, चरबी नसलेले अंग, कागदासारखी पातळ कातडी, आणि पोटाखाली जवळजवळ केस नाहीत. चार्ली इव्हान्सचे आखूड केसांचे दोन कुत्रे आठवा. मार्गशीर्षात कारवानला हवे असते ते बूट नव्हे, झूल. पोळ्याला बैलावर चढते, वरातीच्या घोड्यावर चढते, तीच झूल. साधी, जुन्या घोंगडीची किंवा गोणपाटाची, पोटाखालून बंद घेतलेली. आमच्या भाषेत जनावराच्या पांघरुणासाठी खास शब्द आहे, कुत्र्याच्या बुटासाठी नाही; गरज कुठे होती हे भाषेला ठाऊक होते.

बुटाला जागा नाहीच, असे नाही. न्यू जर्सी किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी घरांत कुत्रा असेल, तर हिवाळ्यात त्याला बूट घालणे शहाणपणाचेच आहे. तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते तळव्याच्या भेगांत झोंबते आणि चाटल्यावर पोटात जाते. आपल्याकडेही तळवा कापला, टाका पडला, तर जखम भरेपर्यंत पशुवैद्य पट्टी आणि मोजा बांधायला सांगतो. पण तिथले मीठ इथे नाही आणि इथले कुसळ तिथे नाही. लातूरच्या सिमेंटच्या गल्लीत, धसकटाशी कधी गाठ न पडणाऱ्या कुत्र्याला थंडीसाठी म्हणून बूट चढवले, तर त्याच्या पायातली ती धमनी आणि शिरांची जुनी जोडी आपले काम करीतच असते. फक्त घाम आत कोंडतो. उलट वैशाखात दुपारी एक वाजता डांबरी रस्त्यावर त्याच कुत्र्याला फिरायला नेणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे मात्र तळवा खरोखर भाजतो, आणि तेव्हा बुटाची आठवण कोणाला होत नाही.

वाचकाला मी एवढेच कळवले : झूल शिवून घ्या, रात्री जमिनीवर पोते अंथरा, रानातून आल्यावर पंजे उलगडून पाहा, आणि बोटांच्या बेचक्यात सूज दिसली किंवा तो एकच पाय सारखा चाटू लागला तर कुसळ समजून दवाखाना गाठा. तेल लावाल ते तो चाटणार हे धरून लावा.

माळेगावच्या देवस्वारीच्या दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या येते. लातूर-नांदेडकडे त्या दिवशी गावे ओस पडतात, सारे लोक रानात असतात. ज्वारीच्या शेतात कडब्याची कोप उभारतात, आत चुना लावलेले पाच पांडव मांडून त्यांची पूजा होते. भज्जी, उंडे, आंबील असा बेत असतो. महाभारताच्या शेवटी हे पाच जण द्रौपदीसह हिमालयाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या मागे एक कुत्रा चालत होता. त्या मेळ्यातला तो सातवा. द्रौपदी पडली, मग एकामागून एक चार भाऊ पडले. युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालला तो तोच, उघड्या पायांनी. कोपीत त्याची मूर्ती नसते. रानातला कुत्रा बाहेर बांधावर बसलेला असतो, उंड्याची वाट पाहत, आणि मधूनच पुढचा पंजा तोंडाशी नेऊन बोटांमधली माती दातांनी काढत.